उचलीचा कागद

पावसाळा सरत आला की आपल्या सांगली-सातारा जिल्ह्यांच्या पूर्वेकडं, जत, आटपाडी, माण, खटावच्या वाड्यावस्त्यांवर, आणि त्याहून कितीतरी अधिक बीड, पाथर्डी, जालन्याच्या बाजूला एक कागद लिहिला जातो. स्टॅम्पपेपर, खाली नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या. लिहून घेणारा टोळी जमवणारा मुकादम नाहीतर ऊस वाहणारा वाहनमालक, लिहून देणारा ऊसतोडीला जाणारा गडी. अमुक रक्कम आगाऊ रोख, म्हणजे उचल, मिळाली, हंगाम संपेपर्यंत तोडणी-भरणीचं काम करीन, मध्येच काम सोडलं तर सगळी रक्कम व्याजासह परत करीन, एवढा त्याचा मतलब. सही किंवा अंगठा नवऱ्याचा. कामाला मात्र दोघं जातात. बायकोचं नाव कागदावर नसतं, तिची मेहनत त्यात धरलेली असते. जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. ट्रॅक्टरमागं दहा-बारा कोयते लागतात. मुकादम दहा कोयते सांगतो, समोरचा दहा कोयत्यांची उचल मोजतो, आणि त्या सगळ्या बोलण्यात वीस माणसांपैकी एकाचंही नाव निघत नाही.

जुलूम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं वाडा आणि चाबूक येतो. इथं तसं काही नाही. सांगली-साताऱ्यातले बहुतेक ऊसवाले दोन-चार एकरांचे आहेत, वाहनमालकाचा ट्रॅक्टर कर्जावर आहे, मुकादम बऱ्याचदा स्वतः कधीकाळी कोयता चालवून वर आलेला असतो. दुष्ट माणूस शोधायला निघालं तर फारसा सापडत नाही. तरीही या कागदाच्या दोन्ही बाजूंना सह्या करणारी माणसं हंगाम संपेपर्यंत होती त्याहून लहान झालेली असतात. हे कसं होतं ते आधी हिशेबानं बघू.

तोडणीचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या करारानं ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ रुपयांचे साधारण ३६६ झाले. मुकादमाचं २० टक्के कमिशन त्याशिवाय. धडधाकट जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते. आपण दोन धरू. नोव्हेंबर ते मार्च या हंगामातून पाऊस, आजारपण, वाहनाची वाट बघण्यात आणि फड, म्हणजे तोडीचं शेत, बदलण्यात गेलेले दिवस वजा करून तोडीचे १२० दिवस धरू. झाले २४० टन, म्हणजे ८७,८४० रुपये. उचल आता जोडीमागं लाखाच्या घरात गेली आहे. सगळं सुरळीत पार पडूनही बारा हजार अंगावर राहिले. आठवड्याच्या बाजाराला जी खर्ची घेतात ती हजार रुपये धरली तर वीस आठवड्यांचे आणखी वीस हजार. वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, चाऱ्याला विकून चार पैसे सुटतात, ते तेल-मिठात जातात. ही तीस-बत्तीस हजारांची बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत वळती होते आणि कागद नव्यानं लिहिला जातो. उचल पुरती फिटली तर माणूस दुसरीकडं जायला मोकळा झाला. थोडी बाकी राहिलेलीच बरी, हे मुकादमाला पक्कं ठाऊक असतं.

आता फडात जाऊ. पहाटे चारला कोप्यांवर, म्हणजे तळावरच्या झोपड्यांपाशी, चुली पेटतात आणि उजाडायच्या आत माणसं फडात असतात. गडी वाकून कोयत्याचा पहिला घाव जमिनीसरशी घालतो. तो तिथंच बसायला हवा, कारण साखर बुडख्यात सगळ्यात जास्त असते आणि बुडखा उंच राहिला तर त्यातून पुन्हा येणारं पीक, म्हणजे खोडवा, नीट फुटत नाही. मग पाचट, म्हणजे वाळलेला पाला, साळायचं आणि शेंड्याकडचं वाढं छाटायचं. कोवळ्या शेंड्यात साखर कमी, तो गाळपात गेला की साखरेचा उतारा घटतो. बाई मागून ऊस गोळा करते, वाढ्यालाच पीळ देऊन त्याचा बंध करते आणि मोळी आवळते. मोळी वीस किलोंची धरली तर दोन टनांच्या शंभर मोळ्या झाल्या. वाहन आलं की त्या डोक्यावरून फळी चढून ट्रॉलीत टाकायच्या. फळी वीतभर-फूटभर रुंद, दवानं निसरडी, आणि ट्रॉली भरत जाईल तसा तिचा चढ वाढत जातो. म्हणजे सगळ्यात उंच चढायचं ते शेवटच्या मोळ्या घेऊन, अंगात त्राण उरलेलं नसताना. पाय घसरतात ते याच वेळी. पोटुशी बाईही याच फळीवरून जाते.

वाहन कधी येईल याचा नेम नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळपाला गेला पाहिजे. उशीर झाला की वजन घटतं आणि आतली साखर मोडू लागते. कारखान्याच्या यार्डात रांग लागली की तिथून सुटलेली रिकामी गाडी रात्री अकराला, कधी एकला फडावर येते आणि तेव्हाच भरून द्यावी लागते. ऊस थांबत नाही, हे शास्त्र खरं आहे. पण त्या शास्त्राची सगळी किंमत एकाच माणसाच्या झोपेतून वसूल करायची हे शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही, ते आपण ठरवलेलं आहे. यार्डाच्या क्षमतेइतक्याच तोडी द्यायच्या आणि गाड्यांना वेळेचे नंबर लावायचे, एवढं कारखान्याच्या शेती खात्याला जमण्यासारखं आहे. ते होत नाही, कारण गाळप एक तास थांबलं तर त्याचा खर्च कारखान्याच्या वहीत दिसतो आणि फडातल्या रात्रीचा खर्च कुठल्याच वहीत येत नाही.

कामावर न आलेला दिवस म्हणजे खाडा. जोडीतलं एक जण बसलं तरी कोयता बंद, आणि पाचशे रुपये, काही ठिकाणी त्याहून जास्त, अंगावर. ताप, पाळी, बाळंतपण, पोराचं दुखणं, सगळ्याला एकच दर. कोप्यावर संडास नाही, न्हाणी नाही, पाणी शेतकऱ्याच्या मर्जीवर. अपुऱ्या पाण्यावर पाच महिने काढले की अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं हे ठरलेलं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारनं सांगितलं. त्या सगळ्याच बायका ऊसतोडीच्या नव्हत्या, पण चौकशीची वेळ आली ती ऊसतोडीच्या बायकांमुळं. पाळीचे दिवस आणि खाड्याचे पैसे यांचं गणित एखादी तिशीतली बाई पिशवी काढून सोडवते, तेव्हा तिला कुणी दंडाला धरून दवाखान्यात नेलेलं नसतं. मुकादमाची वही तिच्या आत इतकी उतरलेली असते की स्वतःच्या शरीराकडंही ती त्याच नजरेनं बघते: किती दिवस भरले, किती बुडाले. दुसऱ्यानं आपल्याला वस्तू मानावं यापेक्षा हे पुढचं आहे, आणि मला यातलं सगळ्यात भयंकर तेच वाटतं.

पण दबलेला माणूस नुसता सोसत बसत नाही, तो बदलतो. त्याविषयी बोलायला आपण बिचकतो, कारण ज्यांच्याबद्दल कळवळा आहे त्यांचे दोष सांगू नयेत असं वाटतं. ते झाकूनही उपयोग नाही. उचल घेऊन टोळी रातोरात पळते. एकाच वर्षी दोघा-तिघांकडून उचल घेतलेली असते. बुडखा चार-सहा इंच वर सुटतो, कारण खाली वाकून घाव घालायला वेळ लागतो आणि मजुरी टनावर आहे. आखूड ऊस पाचटाखाली तसाच राहतो. फड पेटवून मग तोडायचा आग्रह होतो, कारण जळक्या उसाला सोलणी नाही. जळीत उसाची कपात शेतकऱ्याच्या बिलात बसते. आणि खुशाली. फड धरण्याआधी एकराला काही हजार, ड्रायव्हरला खेपेमागं एन्ट्री, वर जेवण. नाही म्हटलं तर फड अर्धा टाकून टोळी पुढं. पैसे मागितले तर तक्रार करा, अशी परिपत्रकं साखर आयुक्तालयानं काढली आहेत, पण तक्रार करणारा विरळा. केलीच तर त्याच्या तोडीची पाळी आणखी लांबते, आणि आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या, उसाला तुरा आल्यावर लांबलेला महिना म्हणजे पोकळ कांड्या आणि घटलेलं वजन. हंगामभर ज्याचं कुणी ऐकलं नाही त्याला एवढीच एक जागा सापडते, शेतकऱ्याची घाई, आणि तिथं तो अजिबात दया करत नाही. अडवून घ्यायची ही रीत त्याच्यावर आधी वापरली गेलेलीच आहे. संध्याकाळी कोप्यावर तोच गडी बायकोच्या हातातले वाढ्याचे पैसे काढून घेतो. टायरगाडीचे बैलही यातून सुटत नाहीत, खांद्याला आवाळू, म्हणजे गाठ, आलेली जनावरं तीन-तीन टनांखाली चढ चढताना कारखान्याच्या रस्त्यावर रोज दिसतात.

आता वरच्या बाजूला बघा. वाहनमालक बहुधा आपल्याच गावचा. ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा, कारखान्याच्या ॲडव्हान्सला तारण म्हणून दिलेले सह्या केलेले चेक, आणि दहा कोयत्यांचे आठ-दहा लाख मुकादमाच्या हवाली केलेले. मुकादम आलाच नाही तर ऐन हंगामात ट्रॅक्टर दारात आणि हप्ते चालू. मुकादमांनी फसवल्याच्या फिर्यादी आपल्याकडच्या पोलीस ठाण्यांत नव्या नाहीत, जमिनी विकून हे पैसे फेडलेली घरं आहेत. त्याची भीती खरी आहे. पण ती त्याच्याकडून काय करून घेते? आलेली टोळी पळू नये म्हणून तो रात्री कोप्यांजवळ माणूस झोपवतो. बाईला दवाखान्यात न्यायचं तर नवऱ्याला मागं ठेवून घेतो, दोघं एकदम गेली तर परत येतील याची खात्री नाही म्हणून. गावाकडं मयत झाली तर एकाला सोडतो, पोरांना ठेवून घेतो. पळालेल्यांना गाडी करून त्यांच्या गावातून उचलून आणल्याचे प्रकार झाले आहेत, अपहरणाचे गुन्हे दाखल झाले आहेत. शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावणारा, आषाढीला पायी जाणारा माणूस चार महिने पहारेकरी होतो. कोप्यावरचं पोर तापानं फणफणलंय असं कुणी सांगितलं तर त्याच्या मनात पहिल्यांदा पोर येत नाही, पळून जायचा बहाणा येतो. समोरच्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवता येईनासं होणं हे फार मोठं नुकसान आहे, आणि ते त्याच्या लक्षातसुद्धा येत नाही, कारण त्याच्या भोवतीचे सगळे वाहनमालक तसेच बोलतात.

शेतकऱ्याचं वेगळं नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर १५ टक्के व्याज. ते व्याज मागायला तो कारखान्याच्या दारात एकटा उभा राहत नाही. पुढच्या वर्षीची नोंद तिथंच, तोडीची पाळी तिथंच. वर बोलायची सोय नाही, म्हणून आवाज चढतो तो फडात, कारखान्याच्या फडावरच्या माणसावर, चिटबॉयवर, आणि तोडकऱ्यावर.

याच भागानं हा कागद उलट्या बाजूनं भोगलेला आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे ओढून काढून जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला तो चार जिल्ह्यांना लागू होता: पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा. तेव्हाच्या साताऱ्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे आजचे सांगलीचे तालुकेही होते. त्या कायद्यानं न्यायाधीशाला सांगितलं की नुसता रोखा बघून निकाल देऊ नका, मुळात किती दिले, व्याज किती चढवलं, हिशेब पहिल्यापासून उघडा. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणंही बंद केलं. सावकाराचा सगळा भर एकाच वाक्यावर असायचा: अंगठा त्यानंच केलाय. दीडशे वर्षांनी त्याच शेतकऱ्यांचे वारस, म्हणजे आपण, नोटरीचा कागद पुढं करून तेच वाक्य बोलतो. आपल्या खापरपणजोबांना मिळालेला न्याय आपण तोडकऱ्याला नाकारतो आणि त्यात काही वावगं आहे असं वाटतही नाही.

कराड तालुक्यातल्या मसूर स्टेशनावर १९०१ साली घडलेली गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाचरांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडं निघाले होते. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी कामावरच्या तलावाशी, रोखपाल होते. पत्र वेळेत न पोचल्यानं न्यायला कुणी आलं नाही, आणि जात कळल्यावर एकही गाडीवान भाडं घेईना. शेवटी असं ठरलं की भाडं दुप्पट द्यायचं, गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं पायी चालायचं. वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही, रात्र उपाशी गाडीतच काढावी लागली. बाबासाहेबांनी पुढं हे सगळं लिहून ठेवलं. त्यात एक बारीक तपशील आहे. वाटेत एका गावापाशी थांबून गाडी पुन्हा निघाली, थोडं अंतर गेल्यावर गाडीवान एकाएकी उडी मारून गाडीत चढला आणि पोरांच्या हातातले कासरे त्यानं घेतले. विटाळ होईल म्हणून गाडी नाकारणारा माणूस आता शेजारी येऊन बसला, याचं पोरांना नवल वाटलं, पण विचारायची छाती झाली नाही.

गाडी त्याची, बैल त्याचे, आणि दुप्पट भाडं घेऊनही त्याला पायी चालावं लागलं. त्याच्या मनात काय होतं हे त्या हकिकतीत नाही. मला मात्र असं वाटतं की चार लोकांच्या नजरेत होता तोवर त्याला स्वतःच्या गाडीत बसता येत नव्हतं. तहानलेल्या पोरांच्या हालांशी त्याच्या पायपिटीची बरोबरी करायची नाही, तो अन्याय त्यानंच केला. पण तो करताना तो स्वतः मोकळा नव्हता. आज टोळीला पाणी मिळू नये म्हणून बोअरचा स्टार्टर कुलपात ठेवणारे कित्येक जण मनानं वाईट नसतात. टोळीला फार डोक्यावर बसवून ठेवलंय, असं पारावर कुणी म्हणेल याचा त्यांना धाक असतो.

कायद्याची बाजू पक्की आहे. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ चा. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचं काम सोडून जाण्याचं स्वातंत्र्य काढून घेतलं तर ती वेठबिगारी, आणि तसं कर्ज फेडायची जबाबदारीच कायद्यानं संपते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पोटाच्या गरजेपायी किमान वेतनाहून कमी मजुरीत राबावं लागणं हीसुद्धा घटनेच्या २३ व्या कलमातली सक्तीच आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत दक्षता समित्या असायच्या आहेत, जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची आहे. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये घ्यायचं ठरलं आहे. प्रत्येक टोळीची नोंद त्या कारखान्याच्या गट ऑफिसात असतेच, त्यामुळं यादी नाही म्हणून काम अडलंय, असं कुणाला म्हणता येणार नाही.

गावात करता येण्याजोगंही बरंच आहे आणि ते महाग नाही. दहा जोड्या आणि पोरं धरून तीस माणसं. पिण्याला, अंघोळीला, धुण्याला मिळून माणशी तीस लिटर धरलं तर दिवसाला हजार लिटरच्या आत भागतं. पाच अश्वशक्तीच्या मोटरला हे दहा-पंधरा मिनिटांचं काम, हजार लिटरची एक टाकी तळावर ठेवली की झालं. टोळीचा तळ एका जागी महिना-दोन महिने असतो, तेवढ्यासाठी दोन खड्डे पुरतात: तीन फूट लांब-रुंद, पाच फूट खोल, विहिरी-बोअरपासून निदान पन्नास फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला. वर फळ्या, बाजूनं शेडनेट, शेजारी चुलीतल्या राखेचं पोतं. खड्डा दीड फूट मोकळा राहिला की मातीनं भरायचा आणि दुसरा वापरायचा. जागा बायकांना विचारून ठरवावी. गड्यांना विचारून ठरवलेले खड्डे वाटेवर येतात आणि बायका तिथं जात नाहीत. रात्रीची भरणी असेल तर फळीपाशी एक दिवा, आणि फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या.

वजनाच्या पावतीची एक प्रत टोळीलाही मिळायला हवी. आज ती शेतकऱ्याला मिळते, वाहनमालकाला मिळते, आणि ज्यानं तोडलं त्याला आपले टन किती झाले ते मुकादमाच्या तोंडून कळतं. खाडा कागदातून काढून टाकावा, काम झालं नाही त्या दिवशी मजुरी बुडतेच, वर दंड कशाला? सगळ्यात आधी करार दोघांच्या नावानं व्हावा आणि बिल दोन खात्यांत जावं. ३६६ तले १८३ तिचे. नुसतं खातं काढून भागणार नाही, पासबुक आणि कार्ड मुकादमाकडं ठेवून घेतली की पैसे पुन्हा त्याच्याच हातात गेले. म्हणून पैसे काढून द्यायला बँकेचा माणूस पंधरवड्याला तळावर यावा आणि रक्कम तिच्या अंगठ्यावर तिच्याच हातात द्यावी. उचल कापायची तर तिच्या वाट्याला फार तर निम्मी, आणि तीही तिनं स्वतः कागदावर सही केलेली असेल तरच.